गावकुसाबाहेरची बेटे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना अर्पण केला. काळ्या गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी त्या लोकांनी जो निःस्वार्थी त्याग केला, त्याचा कित्ता आपल्या देशबांधवांनी गिरवावा आणि शूद्रांना मुक्त करावे, अशी त्यामागे इच्छा होती. ही अर्पणपत्रिका आपल्या चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. भाषणांतून आणि स्मरणिकांतून तिचा उल्लेख वारंवार होतो. मीही पदवीच्या वर्गाला फुले शिकविताना तेथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मला तासानंतर गाठले. आधुनिक भारत आणि आधुनिक जग हे दोन पेपर आमच्याकडे वेगवेगळे आहेत. एकात फुल्यांची अर्पणपत्रिका येते, दुसऱ्यात अमेरिकेने फिलिपिन्स घेतल्याची अर्ध्या पानाची हकीकत येते. त्याने विचारले, "सर, फुल्यांनी ज्या देशातल्या लोकांना पुस्तक अर्पण केले, त्याच देशाने पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांना गुलाम कसे केले?" मी त्याला भांडवलशाही, बाजारपेठा, नौदल असे नेहमीचे उत्तर दिले. उत्तर खोटे नव्हते. पण अपुरे होते, हे मला घरी जाताना जाणवले. तो प्रश्न मनात ठेवून जे वाचले, त्यातून हा लेख झाला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. १८९८ नंतरचे अमेरिकन साम्राज्य हे एका निरोगी लोकशाहीला बाहेरून जडलेले दुखणे नव्हे. घरच्या काळ्या नागरिकांना समतेच्या बाहेर ठेवण्याची जी व्यवस्था त्या देशाने उभारली, तीच पुढे जहाजात बसून समुद्रापार गेली. आणि आपल्याकडे जिला गावकूस म्हणतात, त्या वस्तूची ओळख असल्याशिवाय या साम्राज्याचा कायदा नीट समजणार नाही.

प्रथम हे सांगितले पाहिजे की १८७३ साली फुल्यांची श्रद्धा अस्थानी नव्हती. यादवी युद्धानंतर तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ साली गुलामगिरी नष्ट केली. चौदाव्या दुरुस्तीने १८६८ साली काळ्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. पंधराव्या दुरुस्तीने १८७० साली मताधिकारात वर्णभेद करण्यास मनाई केली. ज्यांचे आईबाप बाजारात विकले गेले होते असे लोक अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून येऊन बसले होते. पुण्यात बसून जोतीरावांनी जे पाहिले ते खरे होते.

परंतु चारच वर्षांत चक्र उलटे फिरले. १८७७ साली उत्तरेकडील राजकारण्यांनी दक्षिणेतील गोऱ्या जमीनदारवर्गाशी तडजोड केली आणि काळ्यांचे रक्षण करणारे संघराज्याचे सैन्य आपल्या छावण्यांत परतले. त्यानंतर एकेक हक्क काढून घेण्यात आला. मिसिसिपी राज्याने १८९० साली नवी राज्यघटना केली. तिच्यात मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा ठेवली. काळ्याचे नाव कोठेही न घेता काळा मतदार यादीतून उडविला गेला. नाव न घेता माणूस बाहेर ठेवण्याची ही कला आपल्या लोकांना वेगळी समजावून सांगायला नको.

या व्यवस्थेवर १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. लुईझियानात होमर प्लेसी हा मनुष्य चार वर्षांपूर्वी गोऱ्यांसाठी राखलेल्या आगगाडीच्या डब्यात मुद्दाम बसला होता. त्याचा खटला न्यायालयापुढे आला, तेव्हा वेगळा डबा म्हणजे विषमता नव्हे असा निर्णय बहुमताने देण्यात आला. निकालपत्र न्यायमूर्ती हेन्री बिलिंग्ज ब्राऊन यांनी लिहिले. वेगळे बसविण्यात काळ्यांना हीनता वाटत असेल तर तो अर्थ ते स्वतःच काढतात, कायदा तसे म्हणत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्यांनी विरोधी मत नोंदविले. घटनेला वर्ण दिसत नाही, दिसता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. हार्लन हे स्वतः एके काळी गुलामांचे मालक होते, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्राऊन आणि हार्लन ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. ती पुन्हा येणार आहेत.

आता समुद्राकडे वळू. दुसऱ्यांची भूमी घेणे अमेरिकेला १८९८ साली प्रथमच सुचले असे नाही. मूळ रहिवाशांची जमीन तिने शतकभर गिळली होती. १८४८ साली मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख घेतला होता. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथे लकोटा जमातीची अडीचशेहून अधिक माणसे, त्यांत बायका व मुले, सैन्याने मारली, आणि खंडातील प्रतिकार संपला. त्याच वर्षी नौदल अधिकारी आल्फ्रेड महान यांचा सागरी सत्तेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मोठे राष्ट्र व्हायचे तर आरमार हवे, आरमाराला दूरदूर कोळशाची ठाणी हवीत, हा विचार त्यातून राज्यकर्त्यांनी उचलला. १८९३ साली मोठी मंदी आली. कारखान्यांचा माल देशात खपेना. मालकांची नजर चीनच्या बाजारपेठेवर गेली. त्याच १८९३ साली हवाई बेटांत साखरमळेवाल्या गोऱ्यांनी अमेरिकन नौसैनिकांच्या साह्याने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले.

क्यूबा आणि फिलिपिन्स ही त्या वेळी स्पेनची वसाहत होती आणि दोन्हीकडे स्वातंत्र्याचे लढे चालू होते. क्यूबात स्पॅनिश सेनापती वेलर याने खेड्यापाड्यांतील लोकांना छावण्यांत कोंडले. हजारो लोक उपासमारीने व रोगांनी मेले. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्याला खाटीक म्हटले. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली, अडीचशेहून अधिक माणसे मेली, आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. क्यूबा आपण घेणार नाही असा ठराव काँग्रेसने केला. फिलिपिन्सबद्दल असा ठराव झाला नाही.

१ मे रोजी ॲडमिरल ड्यूईने मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमार बुडविले. जमिनीवर मात्र स्पॅनिशांना रेटले ते फिलिपिनो क्रांतिकारकांनी. एमिलिओ आगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली. ऑगस्टमध्ये मनिला पडली तेव्हा स्पॅनिश आणि अमेरिकन सेनापतींनी आधीच ठरवून एक लटकी लढाई केली. शहर अमेरिकनांच्या हाती द्यायचे, फिलिपिनोंना आत येऊ द्यायचे नाही, असा तो करार होता. हरलेल्या गोऱ्याला जिंकणारा गोरा चालला, स्वतःच्या भूमीसाठी लढलेला सावळा चालला नाही. १० डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसचा तह झाला. स्पेनने प्युएर्तो रिको व ग्वाम दिले आणि फिलिपिन्स दोन कोटी डॉलरच्या मोबदल्यात दिले. ज्यांच्या देशाचा हा व्यवहार होता, त्यांच्या वकिलाला बैठकीत जागा नव्हती.

४ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री मनिलाबाहेर गोळीबार सुरू झाला आणि दोनच दिवसांनी सेनेटने तह मंजूर केला. रड्यार्ड किपलिंग यांची गोऱ्या माणसाच्या ओझ्यावरील कविता याच महिन्यात अमेरिकन मासिकात आली. ती फिलिपिन्सच्या निमित्तानेच लिहिलेली होती. किपलिंग यांचा जन्म आपल्या मुंबईचा. येथे वाढलेली साहेबी दृष्टी त्यांनी नव्या साहेबाला भेट दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

युद्ध कसे लढले गेले ते थोडक्यात सांगतो. कैद्याच्या पोटात बळेच पाणी भरून माहिती काढण्याचा प्रकार इतका चालला की १९०२ साली सेनेटच्या समितीपुढे त्याच्या साक्षी झाल्या. बातांगास प्रांतात जनरल बेलने खेडुतांना नेमून दिलेल्या हद्दींत कोंडले. म्हणजे वेलरने क्यूबात केले, आणि ज्यासाठी युद्ध पुकारले, तेच केले. सप्टेंबर १९०१ मध्ये बालांगिगा येथे फिलिपिनोंनी हल्ला करून अठ्ठेचाळीस अमेरिकन सैनिक मारले. त्याचा सूड म्हणून सामार बेट उजाड करा, शस्त्र धरू शकणारा दहा वर्षांवरील प्रत्येकजण शत्रू समजा, असा हुकूम जनरल जेकब स्मिथने दिला. त्याच्यावर लष्करी खटला झाला. शिक्षा काय, तर समज आणि सेवानिवृत्ती. ४ जुलै १९०२ रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी युद्ध संपल्याचे जाहीर केले. दक्षिणेकडील मोरो प्रदेशात ते पुढेही चालू राहिले. सुमारे ४,२०० अमेरिकन सैनिक आणि २०,००० फिलिपिनो लढवय्ये मेले. हिंसा, दुष्काळ व पटकी यांनी मेलेले सामान्य लोक दोन लाख किंवा त्याहून अधिक असावेत असे इतिहासकार मानतात.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जिंकलेल्या बेटांतील माणसे अमेरिकेच्या घटनेत बसतात की नाहीत, हा प्रश्न १९०१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. निमित्त संत्र्यांचे होते. प्युएर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आणलेल्या संत्र्यांवर जकात घेण्यात आली. व्यापारी डाउन्स याचे म्हणणे असे की प्युएर्तो रिको आता अमेरिका आहे. देशातल्या देशात जकात कसली? प्रश्न संत्र्यांचा नव्हता, माणसांचा होता. बेट देशाचा भाग असेल तर तेथील माणसाला घटनेचे सर्व हक्क आपोआप मिळणार होते.

न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जकात वैध ठरविली. निकाल जाहीर करणारे मत कोणी लिहिले? न्यायमूर्ती ब्राऊन यांनीच. ज्या हाताने पाच वर्षांपूर्वी काळ्यासाठी वेगळा डबा लिहिला, त्याच हाताने आता सावळ्यासाठी वेगळे बेट लिहिले. भिन्न वंशाच्या, भिन्न धर्माच्या व रीतिरिवाजांच्या लोकांवर अँग्लो-सॅक्सन तत्त्वांनी राज्य करणे काही काळ अशक्य असू शकेल, असे त्यांचे म्हणणे. पुढे कायद्यात रुजली ती न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांची मांडणी. हे व्हाइट लुईझियानाचे. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूच्या सैन्यात होते आणि प्लेसीच्या खटल्यातही बहुमतात होते. त्यांच्या मांडणीचा मथितार्थ असा की ही बेटे अमेरिकेच्या मालकीची आहेत, पण अमेरिकेचा भाग नाहीत. परदेशांच्या दृष्टीने ती अमेरिकेची. अमेरिकेच्या आत पाहिले तर परकी. याही वेळी विरोधी मत देणाऱ्या चौघांत हार्लन होते.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. मालकीचे, पण भाग नाही. ही भाषा मला अमेरिकन न्यायमूर्तींनी शिकविलेली नाही. आपल्याकडे महार हा गावचा होता. वेस राखायची त्याने, सांगावा पोचवायचा त्याने, मेलेले ढोर ओढायचे त्याने, सरकारी अंमलदार आला की पुढे पळायचे त्याने. गावाच्या सीमेचा तंटा पडला तर साक्षही त्याचीच. गावाच्या कागदात त्याचे नाव होते. गावात त्याचे घर नव्हते. गाव त्याच्यावर हक्क सांगत होते, त्याला गावावर हक्क सांगता येत नव्हता. व्हाइट यांनी १९०१ साली जो सिद्धान्त मोठ्या विद्वत्तेने मांडला, तो आपल्या खेड्यांत कोणत्याही न्यायालयाशिवाय शेकडो वर्षे चालला होता. अमेरिकेने महासागराला गावकूस केले, एवढाच फरक.

आणि या गावकुसाबाहेरच्यांना मारण्यासाठी पाठविले कोणाला? इतरांबरोबर घरच्या बहिष्कृतांनाही. नववी व दहावी घोडदळ आणि चोविसावी व पंचविसावी पायदळ या अमेरिकन सैन्यातील काळ्यांच्या पलटणी होत्या; वर बहुतेक सारे अधिकारी गोरे. १ जुलै १८९८ च्या क्यूबातील सान हुआनच्या लढाईत त्या पराक्रमाने लढल्या. रणांगणावर त्यांची स्तुती झाली. पुढच्याच वर्षी रूझवेल्ट यांनी लिहिले की गोरे अधिकारी नसतील तर हे सैनिक डळमळतात. १८९९ च्या उन्हाळ्यापासून या पलटणी फिलिपिन्सला जाऊ लागल्या. सहा हजारांहून अधिक काळे सैनिक तेथे गेले.

ते निघाले तेव्हा मागे काय चालले होते? १० नोव्हेंबर १८९८ रोजी, पॅरिसच्या तहाच्या बरोबर एक महिना आधी, उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टन शहरात सशस्त्र गोऱ्यांनी काळे व गोरे यांचे मिळून निवडून आलेले नगरशासन उलथून टाकले, काळ्यांचे वर्तमानपत्र जाळले, अनेकांना ठार केले, शेकडोंना परागंदा केले. अध्यक्ष मॅकिन्ली, ज्यांना फिलिपिनोंना सुधारण्याची एवढी तळमळ होती, विल्मिंग्टनसाठी एक शिपाई पाठवू शकले नाहीत. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या काळ्या मजुराला जमावाने हाल करून जिवंत जाळले. ते पाहायला लोक गाडीने आले होते.

फिलिपिनोंना ही बातमी कळली होती. त्यांनी काळ्या सैनिकांसाठी पत्रके लावली. सॅम होजचे नाव घेऊन त्यांनी विचारले की तुम्ही कोणासाठी लढता? काळ्या सैनिकांनी घरी पाठविलेली पत्रे त्यांच्या समाजाच्या वर्तमानपत्रांत छापून आली आहेत. गोरे सैनिक फिलिपिनोंना त्याच शिवीने हाक मारतात जी आम्हाला घरी ऐकावी लागते, हे त्यांतून पुन्हा पुन्हा येते. तरीही बहुतेकजण लढले. काहींना वाटले, निष्ठा सिद्ध केली तर घरी हक्क मिळतील. काहींना पगार हवा होता. डेव्हिड फेगन या चोविसाव्या पलटणीतील फ्लोरिडाच्या तरुणाने मात्र नोव्हेंबर १८९९ मध्ये पलटण सोडली आणि तो फिलिपिनोंना जाऊन मिळाला. तेथे तो कॅप्टन झाला. त्याच्या डोक्यावर सहाशे डॉलरचे बक्षीस लागले. डिसेंबर १९०१ मध्ये एका शिकाऱ्याने एक कुजलेले शिर आणून ते फेगनचे असल्याचे सांगितले. ते त्याचेच होते का, याचा वाद अजून मिटलेला नाही.

फेगनला वीर म्हणणे सोपे आहे. बाकीच्या हजारोंना गद्दार म्हणणे त्याहून सोपे. मला ते जमत नाही, कारण माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते. घरात त्यांचे पदक आहे. गावात ज्यांना चावडीसमोर वहाणा हातात घ्याव्या लागत, त्यांना पलटणीने बूट दिले. आपल्या समाजात अक्षरओळख प्रथम आली त्यात पलटणीच्या शाळांचा वाटा मोठा. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच परंपरेतले. परंतु त्याच इंग्रज सरकारने १८९० च्या दशकात लढाऊ जातींचा सिद्धान्त काढून महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकाला अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. साम्राज्य बहिष्कृताला बंदूक देते ते त्याच्या मुक्तीसाठी नव्हे. गरज असेल तेव्हा देते, गरज संपली की काढून घेते. हा धडा आपला आणि चोविसाव्या पलटणीचा एकच आहे.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळता येणार नाही. अमेरिकनांनी फिलिपिन्सात शाळा काढल्या. १९०१ च्या ऑगस्टमध्ये 'थॉमस' या एकाच जहाजातून पाचशेच्या आसपास शिक्षक मनिलाला उतरले. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर आहे. शाळेने माणसाचे काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून परकी शाळा म्हणजे निव्वळ गुलामीचा कारखाना, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ज्यांना स्वकीयांनी शाळेच्या दारातून हाकलले, त्यांनी परक्याची शाळा नाकारावी, हा उपदेश ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पोथ्या होत्या त्यांनीच करावा.

पण शाळेबरोबर जमिनीचाही हिशेब मांडला पाहिजे. फिलिपिन्सात स्पॅनिश धर्मसंघांकडे प्रचंड जमिनी होत्या; क्रांती पेटण्यामागे त्यांवर राबणाऱ्या कुळांचा असंतोष हे एक मोठे कारण होते. अमेरिकन सरकारने १९०३ च्या सुमारास सुमारे चार लाख एकर जमीन सत्तर लाख डॉलरच्या आसपास किंमत देऊन विकत घेतली. ती बव्हंशी गेली ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांच्याकडे. कूळ कूळच राहिले. नव्या सत्तेला स्थानिक भागीदार हवे होते आणि ते तिला सुशिक्षित जमीनदार कुटुंबांत मिळाले. क्रांतीची गुप्त संघटना कातिपुनान १८९२ साली उभी करणारा आंद्रेस बोनिफासिओ हा गोदामात काम करणारा माणूस होता. १८९७ साली आगिनाल्दोच्या बाजूने त्याला मृत्युदंड दिला होता. म्हणजे अमेरिकन येण्यापूर्वीच क्रांतीच्या आत वरचा आणि खालचा हा भेद उभा होता. साम्राज्याने तो निर्माण केला नाही. त्याने तो हेरला आणि वापरला.

बाबासाहेबांनी १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेत इंग्रजांना हेच ऐकविले होते. तुमच्या आधी आम्हाला विहीर, देऊळ, पोलीस, लष्कर बंद होते. तुम्ही दीडशे वर्षे राज्य केले, आता तरी ते खुले आहे काय? परकी सत्ता वरच्या वर्गाला दुखवून खालच्याला मोकळे करीत नाही, कारण तिचे राज्य वरच्या वर्गाच्या खांद्यावर चालते. साम्राज्यवादाला विरोध आणि स्वकीय वर्चस्वाला विरोध हे आपल्यासाठी दोन वेगळे लढे नाहीत ते याचमुळे.

१८९८ नंतर अमेरिकेने एक गोष्ट शिकून घेतली. मुलूख ताब्यात घेतला की माणसांचा प्रश्न येतो. म्हणून मुलूख न घेता सत्ता घ्यावी. क्यूबाला १९०२ साली स्वातंत्र्य मिळाले. पण त्याआधी प्लॅट दुरुस्ती तिच्या घटनेत घालावी लागली, आणि तिच्या जोरावर अमेरिकेला वाटेल तेव्हा हस्तक्षेप करण्याचा हक्क मिळाला. १९०३ साली ग्वान्तानामोचा तळ भाडेपट्ट्याने घेतला. प्लॅट दुरुस्ती १९३४ साली गेली, तळ आजही आहे. फिलिपिन्स ४ जुलै १९४६ रोजी स्वतंत्र झाले; पण अमेरिकन नागरिकांना तेथील खनिजे व जंगले यांवर बरोबरीचा हक्क द्यावा लागला आणि लष्करी तळ राहिले. फिलिपिन्सच्या सेनेटने १९९१ साली करार नाकारला तेव्हा पुढच्या वर्षी सुबिकचा तळ रिकामा झाला. २०१४ च्या करारान्वये अमेरिकन सैन्याला पुन्हा प्रवेश मिळाला आहे. प्युएर्तो रिकोच्या लोकांना १९१७ साली नागरिकत्व दिले. बेटावर राहणाऱ्याला अध्यक्षाच्या निवडणुकीत मत आजही नाही. प्लेसीचा निकाल १९५४ साली शाळांच्या खटल्यात मोडीत निघाला. संत्र्यांच्या खटल्याचा सिद्धान्त मात्र न्यायालयाने अद्याप रद्दबातल केलेला नाही. घरचे गावकूस कायद्यात तरी पाडले गेले. समुद्रातले उभे आहे.

मग त्या विद्यार्थ्याला काय उत्तर द्यावे? फुले चुकले होते काय?

साम्राज्याला त्या काळीही विरोध झाला, तो सगळा सारख्या मोलाचा नव्हता. दक्षिण कॅरोलिनाचे सेनेटर बेंजामिन टिलमन यांनी फिलिपिन्स घेण्यास विरोध केला. आणखी काळीसावळी माणसे देशात नकोत, हे त्यांचे कारण. शिवाशिव होईल म्हणून दान नाकारणाऱ्याला आपण त्यागी म्हणत नाही. परंतु दुसरेही होते. ड्यू बॉइस यांनी वर्णरेषेचा प्रश्न हा विसाव्या शतकाचा प्रश्न आहे असे म्हटले, तेव्हा त्या रेषेत त्यांनी आशिया, आफ्रिका आणि समुद्रातील बेटेही धरली. याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९६७ साली मुहम्मद अली यांनी व्हिएतनामच्या युद्धासाठी भरती होण्यास नकार दिला. फिलिपिनोंच्या पत्रकातला प्रश्न त्यांनी आपणहून स्वतःला विचारला होता. आणि १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव घेतले तेव्हा फुल्यांनी जोडलेला धागाच पुढे गेला.

आणखी एक नाव सांगतो, ते आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. मूरफील्ड स्टोरी हे बोस्टनचे गोरे वकील. तरुणपणी ते गुलामगिरीविरोधी लढ्यातील सेनेटर चार्ल्स समनर यांचे चिटणीस होते. पुढे ते साम्राज्यवादविरोधी संघाचे अध्यक्ष झाले. आणि काळ्यांच्या हक्कांसाठी १९०९ साली जी राष्ट्रीय संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. दोन्ही अन्याय एकाच न्यायमूर्तीने लिहिले, तसा दोन्हींना विरोधही एकाच माणसाने केला. त्याला त्यांतले नाते दिसले होते.

जोतीरावांनी ग्रंथ अमेरिकेच्या सरकारला अर्पण केला नव्हता. निशाणाला केला नव्हता, आरमाराला केला नव्हता. त्यांनी तो सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्या विद्यार्थ्याची परीक्षा केव्हाच आटोपली. आता तो कोठे आहे मला माहीत नाही. हा अंक त्याच्या हाती पडला तर त्याने एवढे वाचावे, की अर्पणपत्रिकेवरचा पत्ता बरोबर होता. त्या पत्त्यावर राहणारी माणसे त्या देशात तेव्हाही थोडी होती, आपल्या देशातही थोडीच आहेत.